हुकूम आला, तरी घोडे हलले नाहीत: झॉर्नडॉर्फ, २५ ऑगस्ट १७५८

ओडर नदीच्या पूर्वेला, क्युस्ट्रिनच्या किल्ल्याजवळ झॉर्नडॉर्फ नावाचं खेडं होतं. आज ते पोलंडमध्ये आहे आणि सार्बिनोवो म्हणून ओळखलं जातं. सात वर्षांच्या युद्धात, २५ ऑगस्ट १७५८ च्या दुपारी, रशियनांशी लढणारा प्रशिया या जर्मन राज्याचा राजा दुसरा फ्रेडरिक इथून आपल्या डाव्या बगलेवरच्या घोडदळाला निरोप धाडत होता, चढाई करा. समोर त्याचं पायदळ मोडून मागे पळत होतं. घोडदळाचा प्रमुख होता लेफ्टनंट जनरल फ्रीडरिख विल्हेल्म फॉन झाइडलिट्स, वय ३७. निरोप मिळूनही तो जागचा हलला नाही. पुन्हा निरोप आला, या वेळी धमकीसह: याचा जाब तुझ्या डोक्यानं द्यावा लागेल. झाइडलिट्सनं उलट कळवलं की लढाईनंतर माझं डोकं महाराजांच्या हवाली आहे, तोवर ते त्यांच्याच सेवेत वापरू द्यावं.

या उत्तराचे शब्द वेगवेगळ्या वर्णनांत थोडे वेगळे येतात, आणि पुढच्या पिढ्यांनी त्यांना घासूनपुसून चकचकीत केलं असणार. पण घोडदळाची हालचाल कशी झाली, ते कुठून आणि केव्हा तुटून पडलं, याबद्दल फारसा वाद नाही. म्हणून हे प्रकरण त्या वाक्यापेक्षा त्या थांबण्याचं आहे. झाइडलिट्सचं नाव निघालं की लोक धाडसाबद्दल बोलतात. मला वाटतं त्याची खरी कमाई दोन गोष्टींत होती: चढाईआधी थांबून राहणं, आणि चढाईनंतर माणसं पुन्हा गोळा करणं. या दोन्ही गोष्टी त्या दुपारी एकाच मैदानावर दिसतात.

पार्श्वभूमी

झाइडलिट्सचा जन्म १७२१ मध्ये क्लेव्ह प्रांतातल्या कालकारचा. वडील घोडदळातलेच, पण तो लहान असतानाच वारले. पोरवयात तो श्वेटच्या मार्ग्राफकडे, म्हणजे तिथल्या सरंजामी राजपुत्राकडे, सेवक-उमेदवार म्हणून राहिला. हा मार्ग्राफ बेफाम स्वारीसाठी कुप्रसिद्ध होता. फिरत्या पवनचक्कीच्या पात्यांमधून घोडा काढायचा, असल्या पैजा तिथे लागत अशी कहाणी आहे. कहाणी खरी असो वा नसो, त्या घरातून बाहेर पडलेल्या पोराची मांड कशी असेल याची कल्पना येते.

१७४० मध्ये तो चिलखती घोडदळात कॉर्नेट, म्हणजे कनिष्ठ अधिकारी, झाला. १७४२ मध्ये मूठभर स्वारांनिशी एक खेडं धरून ठेवताना तो ऑस्ट्रियन सैन्याच्या हाती सापडला. कैद्यांच्या अदलाबदलीत सुटून आला, तेव्हा राजानं त्याला हलक्या हुसार घोडदळात कॅप्टन केलं. १७४५ च्या होहेनफ्रीडबर्गच्या लढाईनंतर तो मेजर झाला, चोविसाव्या वर्षी. पुढे ड्रॅगून आणि नंतर पुन्हा चिलखती स्वार, असा तो घोडदळाच्या तिन्ही शाखांतून गेला. ही बाब मला महत्त्वाची वाटते. हुसारांचं काम टेहळणीचं आणि चपळाईचं, चिलखती स्वारांचं काम एकदाच पण वजनानं आदळण्याचं. दोन्ही कामं स्वतः केलेला अधिकारी दुर्मीळ असे.

त्याच्या उमेदवारीच्या काळात प्रशियाच्या घोडदळाची स्थिती लाजिरवाणी होती. १७४१ च्या मोल्विट्सच्या लढाईत ऑस्ट्रियन स्वारांनी ते उधळून लावलं. राजाला रणांगण सोडावं लागलं आणि लढाई वाचवली ती पायदळानं. फ्रेडरिकनं पुढची पंधरा वर्षं घोडदळ नव्यानं घडवण्यात घातली. १७४४ च्या त्याच्या सूचनेत एक कलम आहे: प्रशियाच्या घोडदळाच्या अधिकाऱ्यानं शत्रूला कधीही आपल्यावर चाल करू देऊ नये, नेहमी आपणच चढाई करावी, नाहीतर बेअब्रूसह बडतर्फी. हे कलम लक्षात ठेवावं लागेल. झॉर्नडॉर्फला झाइडलिट्स थांबला तो नुसत्या निरोपाविरुद्ध नव्हे, ज्या शिकवणीत तो वाढला तिच्या रोखाविरुद्धही थांबला.

आपल्याकडे घोडदळ म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते लांब मजला मारणारं, रसद तोडणारं, हूल देऊन निसटणारं दल. इथलं जड घोडदळ वेगळं होतं. स्वार गुडघ्याला गुडघा लावून भिंतीसारखे चालत. आधी चाल, मग दुडकी, मग दौड, आणि शेवटचं अंतर भरधाव, उपसलेल्या तलवारीनिशी. रांग तुटली की भिंतीचं बळ गेलं. आणि ती नेमकी चढाई यशस्वी झाल्यावरच तुटते. घोडे फेसाळलेले, स्वार पाठलागात विखुरलेले, कान बधिर. अशा वेळी शत्रूची एखादी ताजी तुकडी आली तर जिंकलेले स्वार कापले जातात. त्या काळच्या कितीतरी लढायांत घोडदळ पहिली चढाई जिंकून मैदानातून नाहीसं झालेलं दिसतं. झाइडलिट्सनं आपल्या रेजिमेंटला खडबडीत रानात भरधाव दौडवलं, तसंच विखुरल्यावर कर्ण्याच्या इशाऱ्यासरशी पुन्हा रांगेत यायला शिकवलं.

याचं फळ झॉर्नडॉर्फच्या नऊ महिने आधी मिळालं होतं. ५ नोव्हेंबर १७५७, सॅक्सनीतलं रॉसबाख. राजानं ३८ स्क्वाड्रन, म्हणजे घोडदळाच्या तुकड्या, त्याच्या हाती दिल्या, सेवेनं ज्येष्ठ असलेल्या दोन जनरलना बाजूला ठेवून. सुबीज आणि हिल्डबुर्गहाउझेन यांचं फ्रेंच व पवित्र रोमन साम्राज्याचं मिळून सुमारे ४१ हजारांचं सैन्य प्रशियाच्या २२ हजारांना वळसा घालायला निघालं होतं. झाइडलिट्सनं टेकडीच्या आडून समांतर वाट धरली, त्यांच्या पुढे जाऊन वळला आणि कूच करत असलेल्या रांगांच्या तोंडावर आदळला. खरी गोष्ट पुढची. शत्रूचं घोडदळ पळालं तेव्हा तो त्याच्यामागे गेला नाही. स्क्वाड्रन टागेवेर्बेन गावाजवळच्या खोलगट भागात पुन्हा जमवल्या, वाट पाहिली, आणि शत्रूचं पायदळ डळमळू लागताच बाजूनं घुसला. दीड तासाच्या आत लढाई संपली. प्रशियाचे मृत आणि जखमी मिळून साडेपाचशेच्या आसपास होते. झाइडलिट्स जखमी झाला, महिन्याभरानं झालेल्या लॉयथेनच्या लढाईला मुकला, पण छत्तिसाव्या वर्षी लेफ्टनंट जनरल झाला.

समस्या

१७५८ च्या उन्हाळ्यात फेर्मोरच्या हाताखालचं रशियन सैन्य ओडरपाशी पोचलं. १५ ऑगस्टला त्यांच्या तोफांनी क्युस्ट्रिन शहर जाळलं. फ्रेडरिक दक्षिणेतून सैन्य घेऊन धावत आला, नदी ओलांडली आणि रशियनांना लांबून वळसा घालून थेट त्यांच्या पाठीशी आला. रशियनांनी तोंड फिरवलं आणि दलदलीच्या ओढ्यांनी कापलेल्या त्या मैदानात दाट गर्दी करून उभे राहिले. सुमारे ४३ हजार रशियन, ३६ हजार प्रशियन.

राजाचा बेत नेहमीचा होता: एका बाजूनं वजन टाकायचं, दुसरी बाजू मागे राखायची. वजन डाव्या बाजूला. जनरल मांटॉयफेलच्या आठ बटालियन पुढे, त्यांच्या आधाराला जनरल कानिट्सची फळी, उजवीकडे जनरल डोनाचं सैन्य राखून. डाव्या टोकाला झाबर्नग्रुंड नावाची दलदलीची घळ, आणि तिच्या पलीकडे, पश्चिमेला, झाइडलिट्सच्या ३६ स्क्वाड्रन. घळ पायदळाच्या बगलेचं रक्षण करील आणि वेळ येताच घोडदळ ती ओलांडून येईल, अशी मांडणी.

सकाळी दोनेक तास तोफांनी रशियनांची उजवी बाजू भाजून काढली. दाट उभ्या माणसांत एकेक गोळा भयंकर काम करत होता, तरी रशियन शिपाई हलले नाहीत. मग मांटॉयफेल पुढे सरकला आणि इथे बेत फाटला. त्याच्या मागे यायची कानिट्सची फळी उजवीकडे सरकत जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. हल्ल्याला खोली उरली नाही, आणि मांटॉयफेलची डावी बाजू घळीपासून सुटून उघडी पडली. रशियनांनी ती फट पाहिली. त्यांचं उजवीकडचं घोडदळ आणि पायदळ पुढे उसळलं, मांटॉयफेलच्या बटालियन कोसळल्या, मागोमाग कानिट्सच्याही. प्रशियाच्या तोफा रशियनांच्या हाती पडू लागल्या. निरोप गेले ते या घालमेलीत.

समोर ठेवलेले पर्याय

राजाला लढाई हातून जाताना दिसत होती आणि एकच राखीव मूठ दिसत होती. त्याच्या जागी उभं राहिलं तर त्याचा हुकूम वेडेपणाचा वाटत नाही. पण झाइडलिट्स जिथे उभा होता तिथून तीन वाटा निघत होत्या असं मला वाटतं.

पहिली, हुकूम येताच निघणं. या वाटेची अडचण मैदानातच होती. मध्ये दलदलीची घळ. ती ओलांडताना रांगा मोडणार, पलीकडे पोचल्यावर त्या पुन्हा लावायला काही मिनिटं लागणार. त्या मिनिटांत समोर न मोडलेलं रशियन पायदळ आणि छर्रे भरलेल्या तोफा असत्या. त्या काळी सावध, जुळलेल्या पायदळावर समोरून घातलेलं घोडदळ बहुधा परतच येई.

दुसरी, अर्धं दल पाठवून मांटॉयफेलची उघडी बगल झाकणं. या पर्यायाबद्दल कमी बोललं जातं, आणि तोच मला सगळ्यात अस्वस्थ करतो. आठ-दहा स्क्वाड्रन वेळेवर पलीकडे गेल्या असत्या तर पायदळ कोसळलंच नसतं, असं म्हणायला जागा आहे. पण आठ-दहा स्क्वाड्रन रशियन घोडदळापुढे अडकल्या असत्या तर उरलेल्यांनाही तुकड्या तुकड्यांनी जावं लागलं असतं, आणि जड घोडदळाचं सगळं बळ एकाच वेळी, एकत्र आदळण्यात होतं.

तिसरी वाट, थांबणं. रशियन शिपाई रांग सोडून पाठलागाला लागेपर्यंत, त्यांची पाठ आणि बगल उघडी पडेपर्यंत. ही वाट निवडताना एक गोष्ट मान्य करावी लागते: तोवर आपलंच पायदळ मरत राहणार. झाइडलिट्सच्या कौतुकात ही किंमत बरेचदा वगळली जाते. ती वगळली तर निर्णय सोपा दिसतो, आणि तो सोपा नव्हता.

केलेली कृती

तो थांबला. रशियनांची उजवी बाजू विस्कळीत होऊन पुढे वाहत गेली तेव्हा त्यानं तीन रांगा करून झाबर्नग्रुंड ओलांडला. तीन ठिकाणांहून एकाच वेळी दलदल पार करणं आयत्या वेळी सुचत नाही. जो अधिकारी हे करतो त्याच्या डोक्यात त्या वाटा आधीच बसलेल्या असतात. म्हणजे थांबण्याचा वेळ नुसता वाट पाहण्यात गेला नव्हता.

पलीकडे रांगा जुळल्या आणि घोडदळ रशियनांच्या बगलेत व पाठीत शिरलं. रशियन स्वार उधळले. पायदळाला घोड्यांनी तुडवलं. पण हे पायदळ रॉसबाखच्या फ्रेंचांसारखं पळालं नाही. फळी फुटल्यावरही शिपाई घोळक्यांनी उभे राहिले, काडतुसं संपल्यावर संगिनींनी लढले. धुळीत आणि धुरात कत्तल चालली आणि जीवदान फारसं कुणी कुणाला दिलं नाही. क्युस्ट्रिनची राख प्रशियनांनी येता येता पाहिलेली होती.

यानंतर त्यानं रॉसबाखचीच गोष्ट पुन्हा केली. समोर शत्रू अर्धामुर्धा मोडलेला असताना त्यानं दमलेल्या स्क्वाड्रन झॉर्नडॉर्फच्या दिशेनं मागे घेतल्या आणि पुन्हा रांगेत उभ्या केल्या. त्या क्षणी त्यांना आवरणं पहिल्यांदा थांबण्याइतकंच कठीण असणार. रक्त चढलेल्या स्वाराला लगाम खेचायला सांगणं म्हणजे त्याच्या हातातला विजय काढून घेणं. पण दुपारनंतर डोनाच्या बाजूनं नवा हल्ला सुरू झाला, प्रशियाच्या डाव्या बाजूचं पायदळ दुसऱ्यांदा घाबरून मोडलं, आणि ती पोकळी भरायला फ्रेडरिककडे जे दल शाबूत होतं ते हेच. झाइडलिट्स दुसऱ्यांदा तुटून पडला. संध्याकाळी दारूगोळा आणि ताकद संपल्यामुळे लढाई थांबली.

परिणाम

झॉर्नडॉर्फला कुणी स्वच्छ जिंकलं नाही. प्रशियानं १२ ते १३ हजार माणसं गमावली, म्हणजे मैदानात उतरलेल्यांतला दर तिसरा. रशियनांची हानी १८ हजारांच्या आसपास गेली. दोन्ही बाजूंनी विजय जाहीर केला. काही दिवसांनी फेर्मोर लांड्सबेर्गकडे मागे सरला, ओडरवरचा धोका त्या वर्षापुरता टळला आणि फ्रेडरिकला सॅक्सनीकडे वळता आलं. एवढंच हाती लागलं.

झाइडलिट्सला जाब द्यावा लागला नाही. राजानं दिवस वाचवल्याचं श्रेय त्यालाच दिलं. आज्ञाभंगाची चौकशी व्हायला हवी होती का, हा प्रश्न त्या लष्करात कुणी गंभीरपणे विचारल्याचं दिसत नाही, आणि ते मला खटकतं. यश आलं म्हणून अवज्ञा विसरली गेली तर पुढच्या अधिकाऱ्यानं काय शिकायचं? केव्हा ऐकायचं नाही, याची रीत तिथे ठरलीच नाही. सगळं एका माणसाच्या अंदाजावर आणि राजाच्या त्या दिवसाच्या मर्जीवर राहिलं.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

राजाची पहिली चूक हुकुमात होती. त्यानं ‘आत्ता निघा’ एवढंच कळवलं. ‘पायदळाची डावी बाजू वाचवा’ असं कळवलं असतं तर झाइडलिट्सला आपला वेळ आणि आपली वाट निवडता आली असती आणि अवज्ञेचा प्रसंगच आला नसता. रॉसबाखला त्यानं असंच मोकळं सोडलं होतं. तिथे काम सांगितलं, रीत सांगितली नाही. झॉर्नडॉर्फला पायदळ मोडताना पाहून तो रीत सांगायला लागला.

झाइडलिट्सच्या बाजूनंही एक उणीव दिसते. तो का थांबला हे त्याच्या निरोपातून राजाला कळलं नाही. ‘शत्रू अजून जुळलेला आहे, सुटला की निघतो’ अशा एका ओळीनं राजाची घालमेल कमी झाली असती, कदाचित डोनाची बाजू आधी हलवली गेली असती. बाणेदार उत्तरानं ही माहिती दिली नाही. ते उत्तर इतकं गाजलं की त्यात काय नव्हतं हे पाहायचं राहून जातं.

मुळातली फूट मात्र कानिट्सच्या उजवीकडे सरकण्यात होती. घोडदळ लवकर निघालं की उशिरा, हा सगळा वाद त्या सरकण्यानंतरचा आहे. पायदळाला खोली असती तर झाइडलिट्सचं थांबणं कुणाला टोचलंही नसतं.

वर्षभरात याच दोघांची पुन्हा परीक्षा झाली. १२ ऑगस्ट १७५९, कुनर्सडॉर्फ, समोर रशियन आणि ऑस्ट्रियन. प्रशियाच्या सैन्यानं आधी म्युलबेर्गेचा उंचवटा जिंकला. तिथेच थांबावं असा सल्ला झाइडलिट्सनं दिल्याचं बहुतेक वर्णनांत येतं. राजाला पूर्ण विजय हवा होता. तळी, दलदल आणि तटबंद तोफा समोर असताना घोडदळ पुढे घालण्याचा हुकूम आला आणि या वेळी झाइडलिट्स गेला. छर्‍यांनी त्याचा हात जखमी केला, स्क्वाड्रन फुटल्या, लाउडोनच्या ऑस्ट्रियन घोडदळानं उलट हल्ला चढवला. सुमारे ५० हजारांतले १९ हजारांच्या आसपास प्रशियन त्या दिवशी मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले.

तो झॉर्नडॉर्फला अडला आणि कुनर्सडॉर्फला का नाही? माझं उत्तर असं: झॉर्नडॉर्फला त्याच्याकडे नकाराबरोबर पर्यायही होता. ‘आत्ता नाही, थोड्या वेळानं’ असं तो म्हणू शकत होता, आणि तो क्षण येणार याची त्याला खात्री होती. कुनर्सडॉर्फला त्या जमिनीवर घोडदळासाठी चांगली वेळ येणारच नव्हती. तिथे नकार म्हणजे थेट ‘हे करू नका’, आणि ते राजाला रणांगणावर सांगून त्याच्यामागे ठाम उभं राहणं डोकं पणाला लावण्याहून अवघड होतं. उशीर करण्याची मुभा त्यानं स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती. बेत बदलायला लावण्याची मुभा त्याला कधीच मिळाली नाही.

जखमेनं तो दीर्घकाळ बाजूला राहिला. ऑक्टोबर १७६० मध्ये रशियन तुकड्या बर्लिनवर आल्या तेव्हा बरा होण्यासाठी तिथे राहिलेला झाइडलिट्स शहराच्या बचावात उतरला. पहिला हल्ला परतवला गेला, पण ९ ऑक्टोबरला शहर शरण गेलं. १७६१ मध्ये तो सैन्यात परतला तो राजाच्या नव्हे, राजाचा भाऊ प्रिन्स हेन्री याच्या हाताखाली. २९ ऑक्टोबर १७६२ ला फ्रायबेर्ग इथे या युद्धातली प्रशियाची शेवटची मोठी लढाई झाली. तिथे झाइडलिट्सनं घोडदळाबरोबर पायदळही चालवलं. फ्रेडरिक त्या मैदानावर नव्हता.

युद्धानंतर सायलेशियातल्या घोडदळाची तपासणी आणि शिक्षण त्याच्याकडे आलं. १७६७ मध्ये तो घोडदळाचा जनरल झाला आणि ८ नोव्हेंबर १७७३ ला ओहलाऊ इथे, बावन्नाव्या वर्षी वारला. त्याच्याकडे शिकायला पाठवलेल्या अधिकाऱ्यांना तो तीच दोन कामं पुन्हा पुन्हा घोटवून घेत राहिला: भरधाव दौड, आणि दौडीनंतर कर्णा वाजताच रांगेत परत येणं.